फ्लॅटमधलं पिल्लू आणि शी-शूचं ट्रेनिंग: ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

घोडबंदरची

मेच्या सुट्टीत मुलांच्या हट्टापायी पिल्लं घरी येतात आणि जूनमध्ये पाऊस लागला की आईवडिलांचे फोन सुरू होतात, "तुमचं कसं गं शिकलं?" दर वर्षी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवू, म्हणून हा धागा. ज्यांनी कुत्रं पाळलंय त्यांनी लिहा, ज्यांना शेजारच्या कुत्र्याचा ताप झालाय त्यांनीही लिहा. मात्र केलेलं लिहा, वाचलेलं नको. कितवा मजला आणि लिफ्ट आहे का, हे आधी सांगा. बाहेरचे बहुतेक सल्ले दार उघडलं की अंगण, असं धरून चाललेले असतात. आपल्याकडे दार उघडलं की शेजाऱ्यांचा चपलांचा स्टँड.

सुरुवात माझ्यापासून. वाघबीळ, एकोणिसावा मजला, दोन लिफ्ट, त्यातली एक कायम बंद. लॅब्रेडॉर, नाव बंड्या.

पिल्लू शू किती वेळ धरू शकतं याचा ढोबळ हिशेब असा: जितक्या महिन्यांचं असेल त्यात एक मिळवा, तितके तास. म्हणजे २ महिन्यांचं पिल्लू फार तर ३ तास, तेही झोपलेलं असेल तर. जागं असेल, हुंदडत असेल तर अर्ध्या-पाऊण तासातच लागते. झोपेतून उठल्यावर, जेवल्यावर थोड्याच वेळात आणि खेळून दमल्यावर, या तीन वेळा हमखास. खूण ओळखायची म्हणजे काय, तर खेळता खेळता एकदम थांबतं, नाक फरशीला लावून हुंगत निघतं आणि एक-दोन गिरक्या घेतं. गिरकी दिसली की उचलायचं. मागचे पाय फाकेपर्यंत बघत बसलात तर फडकं शोधा.

आता फ्लॅटवाल्यांची खरी अडचण. लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण १६ आठवड्यांपर्यंत, पिल्लाला खाली जमिनीवर सोडायचं नाही. आणि सवय लागण्याचं वय तर नेमकं हेच. म्हणून आधी बाल्कनी, मग खाली, असं दोनदा शिकवावं लागतं. बाल्कनीत वर्तमानपत्र पसरलं, पण एकोणिसाव्या मजल्यावरचा वारा. ओला कागद उडून वाळत घातलेल्या चादरीला चिकटायचा. मग नर्सरीतून लॉनचा चौकोनी तुकडा आणला, खत-औषध न मारलेला मागून घेतला, आणि प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ठेवला. रोज बादलीभर पाणी ओतायचं, पिवळा पडला की बदलायचा. ही युक्ती मी सगळ्यांना सांगते, कारण पिल्लू जागेपेक्षा पायाखाली काय लागतं ते जास्त लक्षात ठेवतं. गवतावर करायची सवय लागली की पुढे खालचं गवतही त्याला ओळखीचंच वाटतं.

आणि शाबासकी तिथल्या तिथे. शू संपली की त्याच क्षणी खाऊ. हॉलमध्ये येऊन डबा उघडून दिलात, तर त्याला वाटतं हॉलमध्ये आल्याबद्दल मिळाला.

नौपाड्याची मावशी

तळमजला, जुनी इमारत, लिफ्टचा प्रश्नच नाही. आमच्या घरी चार पिढ्या कुत्री आहेत, सगळी गावठी.

सासरे असताना पिल्लाने घरात केलं की त्याचं नाक त्यात घासून एक चापट द्यायचे. सगळीकडे तीच रीत होती. त्याने होतं काय, पिल्लू एवढंच शिकतं की माणसांसमोर शू केली की मार बसतो. मग ते दिवाणाखाली, कपाटामागे जाऊन करतं आणि बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर करायला घाबरतं. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल ओरडून काही उपयोग नाही, त्याला संबंध कळत नाही. करताना सापडलं तर "ए!" एवढं म्हणायचं आणि उचलून योग्य जागी ठेवायचं. बस.

जेवणाबद्दल कोणी बोललं नाही, मी बोलते. दिवसभर वाटी भरून ठेवाल तर दिवसभर शी पुसाल. लहान पिल्लाला तीन-चार वेळा, घड्याळ लावून द्यायचं आणि पंधरा मिनिटांत वाटी उचलायची. खाणं वेळेवर आलं की शीसुद्धा वेळेवर येते. पाणी मात्र कधी तोडायचं नाही. दूध-पोळी बंद. पुष्कळ पिल्लांना गाईम्हशीचं दूध पचत नाही, पातळ होतं आणि आपण म्हणतो शिकत नाही. शिजवलेला भात, उकडलेली कोंबडी किंवा अंडं, थोडा दुधी-भोपळा आमच्याकडे चालतो. मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण नाही.

घोडबंदरची

मावशी, यात एक भर. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे! द्राक्षं, बेदाणे, मनुका यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते. चॉकलेट आणि शुगर-फ्री च्युइंगमही नाही. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

ऐरोली नाइट शिफ्ट

सिडकोची बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही. इंडी, म्हणजे गावठीच, फ्लायओव्हरखाली भर पावसात सापडली.

माझं मत उलटं आहे. ज्यांना जमेल त्यांनी कागद, ट्रे काही लावूच नये. घरात करणं चालतं, असं एकदा शिकवायचं आणि मग ते मोडायचं, ही दुप्पट मेहनत कशाला? मी बिल्डिंगच्या गच्चीवर न्यायचो. तिथे दुसरं कुत्रं येत नाही, त्यामुळे लसींच्या आधीही धोका कमी. गच्चीचा कोपरा ठरलेला, एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. सेक्रेटरीला आधी विचारलं, धुऊन ठेवीन असा शब्द दिला आणि पाळला.

रात्रीचं सांगतो, कारण माझी रात्रच उलटी असते. पिल्लू रात्री कुंईकुंई करत उठलं तर न्यायचं, पण लाइट लावायचा नाही, लाड करायचे नाहीत, खेळायचं नाही. शू करून गप झोप. नाहीतर दोन वाजता खेळायला मिळतं हे त्याला लगेच समजतं. क्रेट, म्हणजे झोपायचा पिंजरा, वापरलात तर त्यात उभं राहता येईल आणि वळता येईल इतकाच मोठा घ्या. फार मोठा घेतला की एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शू करतं. शिक्षा म्हणून त्यात कोंडू नका.

वर्तकनगर, चौथा मजला

नाइट शिफ्ट, तुम्ही दुपारी घरी असता म्हणून जमलं हो. आम्ही दोघं नऊला बाहेर पडतो. कागद नसता तर सासूबाईंनी आम्हालाच बाहेर काढलं असतं.

ऐरोली नाइट शिफ्ट

हे मान्य. ८ तास कोणतंच लहान पिल्लू धरू शकत नाही. दोघंही ऑफिसला जात असाल तर दुपारी कोणीतरी यायलाच हवं.

कोपरखैरण्याची डॉक्टर

माणसांची नव्हे, जनावरांची. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या निम्म्या तर लादी पुसण्याशी संबंधित असतात. तुम्ही फिनाइलने पुसता, तुम्हाला स्वच्छ वाटतं. पिल्लाच्या नाकाला शूचा वास तिथेच येत असतो, म्हणून ते पुन्हा तिथेच जातं. अमोनियावाले क्लीनर तर नकोच, त्यांचा वास शूच्या जवळ जातो. एन्झाइमवालं क्लीनर पेट शॉपमध्ये मिळतं, ते उत्तम. नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात. आणि घरातली पायपुसणी महिनाभर गुंडाळून ठेवा. मऊ, शोषून घेणारं काही दिसलं की पिल्लांना ते आपल्यासाठीच अंथरलंय असं वाटतं.

लसींचं: पहिली ६ ते ८ आठवड्यांना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, शेवटची १६ आठवड्यांना किंवा त्यानंतर. रेबीजची साधारण ३ महिन्यांना आणि मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर. जंताचं औषध सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, नंतर अंतर वाढतं. इतका जाच कशासाठी, तर पार्वो. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि साध्या फिनाइलला दाद देत नाही, त्याला ब्लीच लागतं. उलटी आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले तर सकाळपर्यंत थांबू नका, लहान पिल्लू पाणी कमी होऊन फार पटकन खचतं.

पण म्हणून चार महिने घरात डांबूनही ठेवू नका. जगाची भीती न वाटण्याचं वयही हेच असतं. कडेवर घेऊन फिरवा. रिक्षाचा आवाज, वॉचमनची शिट्टी, उघडणारी छत्री, हे सगळं त्याला आत्ताच दिसू द्या.

शिकलेलं कुत्रं अचानक घरात करायला लागलं, थेंब थेंब करतंय, वारंवार जातंय, तर ते खोडी काढत नाहीये. युरिन तपासून घ्या. आणि तुम्ही घरी आल्यावर पिल्लू आनंदाने लोळतं आणि तिथेच दोन थेंब सोडतं, त्यावर रागावू नका. दारात आल्या आल्या लक्ष देऊ नका, शांत झालं की मग हात लावा. वाढत्या वयात बहुतेकांचं आपोआप थांबतं.

विंग बी

माझ्याकडे कुत्रा नाही. मी कमिटीवर आहे, मानपाडा. लिहिणारच होतो.

पेट्सवाले दर मीटिंगला २०१५चं परिपत्रक दाखवतात. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं आहे, सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, वेगळे पैसे लावता येत नाहीत. बरोबर आहे, मी वाचलंय. त्यातच मालकांनाही सांगितलंय की पट्टा लावा, घाण उचला. ते पान कोणी दाखवत नाही. लिफ्टमध्ये शू झाली आणि मालक चौदाव्यावर उतरून गेला की खालून येणारी आजी त्यात पाय घालते. माझ्या गाडीच्या अलॉय व्हीलवर एका बॉक्सर कुत्र्याचं रोज सकाळी हस्ताक्षर असतं.

घोडबंदरची

काका, तुमचं शंभर टक्के बरोबर. पिल्लूवाल्यांनो, दारापासून खालच्या गवतापर्यंत पिल्लाला उचलून न्या. कडेवरचं पिल्लू सहसा करत नाही, लिफ्टची वाट बघत उभं केलेलं हमखास करतं. मोठं कुत्रं असेल तर पिशवीत टिश्यू आणि छोटी स्प्रेची बाटली ठेवा. गाडीच्या चाकाजवळून जाताना पट्टा आखूड धरा. महापालिकेचा परवानाही काढून ठेवा, त्याला रेबीजच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं.

खारघर, रो-हाउस

अंगण आहे, त्यामुळे ट्रेनिंग फार सोपं गेलं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. पावसाळ्याबद्दल लिहितो.

आमचं बीगल पावसात पाय बाहेर टाकत नाही. खारघरला डोंगराकडून पाऊस येतो तो दिवस-दिवस थांबत नाही. रेनकोट घातला की पुतळा होतो. शेवटी मोठी गोल्फची छत्री आणि एक ठरलेलं झाड. पाऊस जरा कमी झाला की, मग कुठलीही वेळ असो, निघायचं. आल्यावर पंजे कोरडे करायचे, बोटांच्या मधे खास, नाहीतर तिथे बुरशी येते. साचलेल्या पाण्यात तोंड घालू द्यायचं नाही. उंदरांच्या लघवीतून लेप्टो पसरतो, माणसालाही होतो. लेप्टोची लस आहे, तुमच्या कुत्र्याला दिलेल्या लसीत ती आहे का, एवढं कार्डावर बघून घ्या.

आणि गोचीड. पावसाळ्यात आणि त्यानंतर रोज फिरून आल्यावर कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवा. मसुराच्या डाळीएवढी गाठ लागली तर तो गोचीडच. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल ओतू नका, काडी लावू नका. पकडलेला साबणाच्या पाण्यात बुडवा, नखाने चिरडू नका. कुत्रं जेवत नाही, अंग गरम, हिरड्या फिक्या, असं दिसलं की टिक फीव्हरची रक्ततपासणी. आमचं नाकातून रक्त येईपर्यंत गेलं होतं. वाचलं.

उपवनकर

उन्हाचंही लिहा कोणीतरी. मेमध्ये पेव्हर ब्लॉकवर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा. तुम्हाला सोसवत नसेल तर त्यालाही नाही. आणि येऊरच्या बाजूला अंधारात कुत्रं नेऊ नका. तिथे बिबट्या आहे, आणि कुत्रं हे त्याचं नेहमीचं खाणं आहे.

सानपाडा, ज्येष्ठ

सगळे पिल्लांचं लिहिताहेत, मी म्हातारीचं लिहिते. आमची राणी, स्पिट्झ, तेराव्या वर्षात आहे. जन्मात कधी घरात केलं नाही. आता झोपेत अंथरूण ओलं होतं. उठल्यावर तिलाच कळतं, मान खाली घालून बाजूला जाऊन बसते. आमचे हे म्हणाले, वय झालं, चालायचंच. मी ऐकलं नाही. ऑपरेशन झालेल्या माद्यांमध्ये उतारवयात असं होऊ शकतं आणि त्यावर गोळ्या आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याआधी किडनी, साखर, इन्फेक्शन तपासलं. गोळ्यांनी पुष्कळ फरक आहे.

घरात व्हिट्रिफाइड टाइल्स, त्यावर तिचे मागचे पाय घसरतात. दारापर्यंत पोचायला उशीर व्हायचा, त्यामुळेही वाटेत व्हायचं. जुन्या योगा मॅट कापून तिच्या अंथरुणापासून दारापर्यंत टाकल्या. आता जाते आपली हळूहळू. आपली क्रोसिन-ब्रुफेन मनाने कधी देऊ नका, सांधे कितीही दुखत असले तरी. कुत्र्यांना ती विषासारखी बाधू शकते.

घणसोली नवी

सगळं वाचलं. शिट्झू, ५ महिन्यांचा, लसी झाल्या, अकरावा मजला. प्रश्न असा की खाली अर्धा तास फिरतो, सगळं हुंगतो, काहीच करत नाही. वर आलो की धावत जाऊन कागदावर करतो! सोसायटीतले हसतात.

घोडबंदरची

हे जवळपास प्रत्येकाचं होतं. त्याच्यासाठी संडास म्हणजे कागद. उद्या सकाळचा ओला कागद पिशवीत घालून खाली न्या आणि गवतावर दगड ठेवून दाबा. पहाटेची पहिली फेरी यासाठी ठेवा, तेव्हा त्याला नक्की लागलेली असते. एकाच जागी उभ्या राहा, फिरवू नका, बोलू नका. केलं की खाऊ, आणि मग त्याच्यासोबत फिरा. बरेच जण केलं रे केलं की लगेच वर आणतात. त्यातून पिल्लू हे शिकतं की शू केली की मजा संपते, मग ते जितकं धरता येईल तितकं धरतं.

खाली काही झालं नाही तर वर आल्यावर मोकळं सोडू नका. कडेवर किंवा क्रेटमध्ये दहा-पंधरा मिनिटं, आणि परत खाली. कागद एका दिवसात काढू नका, रोज थोडा लहान करत आणि दाराकडे सरकवत न्या. शिट्झूसारख्या छोट्या जातींचं मूत्राशयही छोटं, त्यांना लॅबपेक्षा जास्त दिवस लागतात.