नाकाताची लोकप्रियता खेळाची की बाजाराची?

मधली_फळी:
जपानी फुटबॉलपटू हिदेतोशी नाकाताचा विषय निघाला की 'इटलीतल्या क्लबांनी जपानमध्ये जर्सी खपवायला घेतलेला खेळाडू' हा शेरा ठरलेला. मला तो साफ अमान्य आहे. नोव्हेंबर १९९७, मलेशियातलं जोहोर बाहरू. इराणला हरवलं तर जपान पहिल्यांदाच वर्ल्डकपला जाणार होता. नाकायामाच्या गोलला पास नाकाताचा, शोजी जोच्या हेडरला क्रॉस नाकाताचा. जादा वेळेत गोलरक्षकाने अडवलेला फटकाही त्याचाच, ओकानोने तो चेंडू आत ढकलला आणि जपान ३-२ जिंकला. वय २०! पुढच्याच वर्षी पेरुजाकडून इटलीतल्या पहिल्या लीग सामन्यात त्याने गतविजेत्या युव्हेंटसवर दोन गोल केले. बाजार आला तो या खेळामागून.

गोलपोस्ट:
पेरुजापर्यंत मान्य. पुढचं बोला की. रोमा क्लबात त्याच जागी खेळणाऱ्या तोत्तीमुळे राखीव बाकावर, मग पार्मा क्लबाने भरमसाट पैसे मोजले आणि त्या मानाने हाती फार काही लागलं नाही. नंतर बोलोन्या, फिओरेंतिना, बोल्टन. लोकांच्या लक्षात राहिले ते रंगवलेले केस आणि फॅशन. खेळ बघायचा तर जपानच्याच शुन्सुके नाकामुराचा बघा. २००६ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या त्याच्या फ्रीकिकने स्कॉटलंडच्या सेल्टिकला चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत नेलं.

मधली_फळी:
नाकामुराची फ्रीकिक अप्रतिमच, वाद नाही. पण रोमातला बाक म्हणून सोडून देऊ नका. युरोपीय संघाबाहेरचे किती खेळाडू उतरवायचे यावर इटलीत तेव्हा मर्यादा होती, ती ६ मे २००१च्या तुरिनमधल्या सामन्याच्या तोंडावर उठली. युव्हेंटस २-० पुढे. रोमाचा प्रशिक्षक कापेल्लोने चक्क कर्णधार तोत्तीला बाहेर काढून नाकाताला उतरवलं. ७९व्या मिनिटाला त्याने लांबून असा फटका हाणला की युव्हेंटसचा गोलरक्षक वान देर सार नुसता झेपावला. अगदी शेवटी दुसरा फटका त्याच वान देर सारच्या हातून निसटला, मोन्तेल्लाने गोल केला, २-२. रोमाने लीग जिंकली ती अवघ्या दोन गुणांनी. त्या दहा-पंधरा मिनिटांची किंमत तुम्हीच सांगा.

दर्यावर्दी:
पार्मालाही त्याने रिकाम्या हाताने ठेवलं नाही. २००२चा इटालियन कप घ्या, अंतिम फेरीत युव्हेंटसच्याच मैदानावर त्याचा गोल होता. आणि बाजारासाठी खेळणारा माणूस २९व्या वर्षी सगळं सोडतो का? २००६ला डॉर्टमुंडमध्ये ब्राझीलकडून १-४ हरल्यावर तो मैदानातच उताणा पडून राहिला होता, कितीतरी वेळ. काही दिवसांत निवृत्ती. त्याच्या नावावर अजून कितीतरी करार झाले असते.

गोलपोस्ट:
तुरिनची १५ मिनिटं दिली, कपही दिला. पण २९व्या वर्षी सोडणं मी त्याच्या बाजूने मोजणार नाही. नाकामुरा २०२२पर्यंत, चव्वेचाळिशीतही बूट घालून होता. मोठेपणा ठरवताना मी ती वर्षं धरतो.