गीझर, जड पाणी आणि सॉफ्टनर: तुमचा अनुभव काय?

टिपकागद

वाघोलीत राहायला आलेल्या माणसाला पहिल्या उन्हाळ्यात दोन गोष्टी पाठ होतात: टँकरचा भाव आणि गीझरवाल्याचा नंबर. आमच्याकडे पाणी बोअरचं. कमी पडलं की टँकर, आणि तोही कुठल्यातरी बोअरवरच भरलेला. परवा पंधरा लिटरचा गीझर उघडला तर कॉइल दिसेचना, नुसता पांढरा कडक थर. मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हरने ठोकून ठोकून घमेलंभर पोपडे काढले आणि "मॅडम, सॉफ्टनर बसवून टाका" म्हणून निघून गेला. सॉफ्टनर म्हणजे पाण्याचा जडपणा, म्हणजे असा थर धरणारे क्षार, काढणारं यंत्र.

तेव्हापासून घरी विक्रेत्यांची रांग लागली आहे. एक म्हणतो नळाला डबी लावा, दुसऱ्याला गच्चीवर मोठं नळकांडं उभं करायचंय, तिसऱ्याकडे पाइपाला गुंडाळायची तार आहे. म्हणून हा धागा. पाणी किती जड होतं, सॉफ्टनर कुठे बसवला, मीठ कोण घालतं, दोन-चार वर्षांनी काय अवस्था आहे, सगळं लिहा. बसवून काढून टाकला असेल तर नक्कीच लिहा. जाहिराती कृपया नकोत.

खडीसाखर

उंड्री, रो हाऊस, स्वतःची बोअर. सहा वर्षं झाली, अजून चालू आहे.

पहिली गोष्ट, टीडीएसचं पेन बुडवून घाबरवणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. ते पेन पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत त्याचा अंदाज देतं. कॉइलवर बसतात ते त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे. जडपणा मोजायचं थेंबांचं किट वेगळं मिळतं: कुपीत पाणी घ्यायचं, रंगाची पूड टाकली की ते वाइनसारखं लालसर होतं, मग एकेक थेंब टाकत हलवत राहायचं. ज्या थेंबाला स्वच्छ निळं होईल तिथे थांबायचं आणि थेंबांवरून हिशेब करायचा. आमचं ४८० आलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००पर्यंत चालवून घ्यायचा, असं आहे. म्हणजे कागदोपत्री आमचं पाणी "चालतं". गीझरला कागद वाचता येत नाही.

दुसरं, जागा. आमच्या प्लंबरला सॉफ्टनर गीझरच्या पुढे, गरम पाण्याच्या पाइपवर लावायचा होता, कारण तिथे भिंत मोकळी होती! थर बसतो गीझरच्या आत, पाणी तापताना. विरघळलेलं बायकार्बोनेट उष्णतेने फुटतं आणि चुनखडी बनून कॉइलला चिकटते. गीझरातून बाहेर पडलेलं पाणी मऊ करून कॉइलचं काय भलं होणार? शिवाय आतलं रेझिन (जडपणा धरून ठेवणारे मणी) उष्णता सोसतं, पण फायबरचं नळकांडं आणि वरचा व्हॉल्व्ह घरगुती यंत्रात साधारण चाळीस-पंचेचाळीस अंशांपुरतेच असतात. तेव्हा गच्चीच्या टाकीतून गीझरकडे येणाऱ्या गार पाइपवरच बसवा आणि मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला, म्हणजे गरम पाणी उलटं येणार नाही.

आमचा सॉफ्टनर फक्त गीझर आणि वॉशिंग मशीनच्या लाइनवर आहे. फ्लश, बाग, गाडी धुणं सगळं थेट बोअरचं. संपूर्ण घराला लावला असता तर मिठाची पोती वाहून कंबर गेली असती.

मापाचा हिशेब असा. रेझिनचे बारीक पिवळसर मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. एक लिटर रेझिन व्यवहारात पन्नासेक ग्रॅम जडपणा धरतं. आमच्याकडे २५ लिटर आहे, म्हणजे १२५० ग्रॅम. आमच्या पाण्यात लिटरला जवळपास अर्धा ग्रॅम, म्हणून अडीच हजार लिटरनंतर रेझिन थकतं. आठवड्याचं काम झालं. दर रविवारी सकाळी आधी उलट्या दिशेने पाणी सोडून धुवायचं, मग मिठाचं पाणी अर्धा तास सावकाश ओढू द्यायचं, मग खळखळून धुवायचं. एका वेळी तीनेक किलो मीठ लागतं. खडे मीठ घ्या. बारीक मिठाचा टाकीत चिखल होतो. शेवटी थेंबाचं किट काढायचं. पूड टाकल्या टाकल्या निळं झालं की रविवार मोकळा.

मधली_आळी

रत्नागिरी. आमच्या विहिरीचं पाणी इतकं मऊ आहे की साबण अंगावरून सुटता सुटत नाही. पुण्याला लेकीकडे गेले की साबणाला फेसच येत नाही, आणि जावईबापू म्हणतात, "आई, शाम्पू संपवलात!" बाकी धाग्यात माझं काम नाही, वाचते आहे.

शेवगा

हिंजवडीच्या पलीकडची सोसायटी. कमिटीत असल्यामुळे नाइलाजाने सॉफ्टनरतज्ज्ञ झालो आहे.

आमच्याकडे बिल्डरनेच बेसमेंटमध्ये मोठा प्लँट दिला होता. लोक राहायला आले, वर्षभरात गीझर जायला लागले. देखभालीचा ठेका एका एजन्सीकडे होता. रजिस्टरमध्ये रोजच्या रोज "मीठ ५० किलो, रिजनरेशन केले" (म्हणजे थकलेलं रेझिन मिठाच्या पाण्याने धुतलं) अशी सुंदर अक्षरात नोंद. एका सभासदाने खाली जाऊन पाहिलं तर बायपास व्हॉल्व्ह पूर्ण उघडा! पाणी प्लँटच्या बाजूने सरळ वर जात होतं आणि मिठाची पोती भिंतीला टेकून ओल धरत होती. त्या सभेबद्दल लिहीत नाही.

आता नियम केला आहे: रजिस्टरमध्ये मीठ नाही, जडपण्याचा आकडा लिहायचा. सकाळी वॉचमनसमोर थेंबाची टेस्ट, आकडा ५०च्या वर गेला की फोटो ग्रुपवर. तेव्हापासून प्लँट शहाण्यासारखा वागतो आहे.

आणखी दोन गोष्टी. बोअरला लोह असेल तर (बादलीत रात्रभर पाणी ठेवलं की तळाला तांबूस साका दिसतो) आधी लोह काढणारा फिल्टर हवाच. लोह रेझिनच्या मण्यांवर बसलं की नुसत्या मिठाने निघत नाही. दुसरी, धुऊन निघालेलं खारं पाणी जातं कुठे ते बघा. आमचं बागेच्या चरात सोडलं होतं, जास्वंदीची रांग वाळली. एसटीपीत (सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्लँटमध्ये) एकदम सोडलं तर तिथले जिवाणू बिघडतात. आता वेगळ्या टाकीत साठवून थोडं थोडं सोडतो.

भिंगरी

माहेर अकोला जिल्ह्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या कितीतरी गावांत जमिनीतलं पाणीच खारट. तुरीची डाळ शिजायची नाही, सोडा टाकावा लागायचा. चहा त्या पाण्याचा पिऊन बघा एकदा.

भावाने मोठ्या हौसेने सॉफ्टनर बसवला. पोपडे कमी झाले हे खरं, पण पाणी खारट ते खारटच. सॉफ्टनर मीठ काढत नाही हो, उलट अदलाबदलीत सोडियमच घालतो. त्यातून पाण्यात आधीच एवढं सोडियम असलं की रेझिन नीट कामही करत नाही. आता योजनेचं नळाचं पाणी येतं ते पिण्या-रांधायला, आणि आंघोळीला बोअर. आपल्या पाण्याचा त्रास जडपणाचा की खारेपणाचा हे आधी लॅबमधून ठरवा, मग पैसे घाला.

काटकोन

मी उलट्या मताचा. दोन माणसांच्या घराला सॉफ्टनर कशाला? तीनशेच्या आतबाहेर जडपणा असेल तर वर्षातून एकदा गीझर उघडून साफ करणं स्वस्त पडतं. मी थर्मोस्टॅट ५५वर ठेवतो. साठच्या पुढे थर झपाट्याने बसतो. दिवाळीआधी वीज बंद करून, पाणी काढून कॉइल बाहेर घ्यायची, कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड (किराणा दुकानातलं लिंबूफूल) विरघळवून त्यात बुडवून ठेवायची. फसफसतं आणि थर सुटतो. कोणी बाथरूमचं ॲसिड ओतायला निघाला तर हात धरा, ते धातू खातं आणि टाकीच्या आतला काचेचा मुलामाही खराब करतं. त्याच वेळी मॅग्नेशियमचा रॉड बघा. तो टाकीऐवजी स्वतः झिजण्यासाठीच असतो, बारीक तार उरली असेल तर बदला.

नळाच्या डबीतले काचेसारखे गोळे पॉलिफॉस्फेटचे असतात. जडपणा काढत नाहीत, नुसता थर धरू देत नाहीत, तेही गोळे विरघळून संपेपर्यंत. वॉशिंग मशीनला ठीक. उकळत्या तापमानाला त्यांचा जोर उरत नाही. पाइपाच्या तारेबद्दल माझं मत विचारू नका, शेजाऱ्याने लावली आहे आणि आमचे संबंध चांगले आहेत.

सोलर असलेल्यांनी जास्त जपावं. चपट्या पॅनेलच्या तांब्याच्या नळ्या बारीक असतात, जड पाण्याने तुंबतात. अशा पाण्याला काचेच्या ट्यूबवालं सोलर किंवा हीट एक्स्चेंजरचं घ्यावं.

गारठा

इंग्लंडमधून, रेडिंग. इथे जमिनीखाली खडू, म्हणून पाणी जड. किटलीत पापुद्रे तरंगतात. (ग्लासगोत होतो तेव्हा किटली आरशासारखी राहायची.) सिंकखाली दोन छोट्या नळकांड्यांचा सॉफ्टनर आहे, एक काम करतो तेव्हा दुसरा मिठाने धुतला जातो, वीज लागत नाही. मिठाच्या विटा मिळतात, महिन्याला दोन विटा ठेवायच्या, बस. स्वयंपाकघरातला एक नळ मात्र मुद्दाम जडच ठेवला आहे, पिण्यासाठी. घर गरम करणाऱ्या बॉयलरच्या बंद सर्किटमध्ये मऊ पाणी भरावं की नाही हे बॉयलरच्या पुस्तिकेत बघायचं. ॲल्युमिनियमचे भाग असलेल्या काही बॉयलरना ते चालत नाही.

टिपकागद

सगळ्यांचे आभार, किट मागवलं. आमचं ४१० आलं. सासऱ्यांना बीपी आहे, मऊ केलेलं पाणी त्यांच्या पोटात गेलं तर?

खडीसाखर

१०० जडपणा काढला की लिटरला साधारण ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. तुमच्या पाण्यात १९०च्या घरात. पिण्याची-स्वयंपाकाची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढा. आरओ असेल तर तो बरंचसं सोडियम काढतो आणि मऊ पाण्यावर त्याची मेंब्रेनही (पाणी गाळणारा पडदा) जास्त टिकते, तरी डॉक्टरांना विचाराच. आणि ड्राय बाल्कनीत बसवणार असाल तर ऑर्डर द्यायच्या आधी दोन गोष्टी बघा: पाण्याचा दाब पुरतो का (वरच्या मजल्यावर पंप लागतो), आणि ड्रेनची जाळी किती पाणी घेते. उलट धुलाईला पाणी जोरात येतं, खालच्या मजल्यावरच्या काकूंचे कपडे वाळत असतात.