ऑटोकॅड उघडताच आपली लिस्प चालावी की नाही?

तुटकरेषा:
गेल्या आठवड्यात माझ्या मशीनवर, ऑटोकॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरवर, सहकारी बसला. सी दाबून वर्तुळ काढायला गेला, तर कॉपी सुरू झाली. अकॅड.पीजीपी या कमांडच्या शॉर्टकटच्या फाइलीत मी तशी अदलाबदल करून ठेवली आहे. त्यावरून ऑफिसात जुंपली. माझं मत सरळ आहे: सॉफ्टवेअर आपल्या हाताला बसवून घ्यावंच. फक्त पथ्य पाळावं. माझ्या लिस्प, म्हणजे ऑटोकॅडसाठी लिहिलेले छोटे प्रोग्राम, एका वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, आपोआप चालणाऱ्या अकॅडडॉक.एलएसपीत त्यांना बोलावणारी लोडची ओळ तेवढी आहे. त्या लोडला दुसरा पर्यायही दिलेला असतो, नाहीतर फाइल सापडली नाही की एररने पुढचं सगळं अर्धवट राहतं. आणि नावात आवृत्तीचं साल असलेली अकॅड२०१४डॉक.एलएसपीसारखी फाइल प्रोग्रामची स्वतःची, तिला हात लावत नाही.

शून्यकोमाशून्य:
पीजीपीचं काय घेऊन बसलात, त्यानं फार तर चिडचिड होते. खरी भीती अकॅडडॉकची, कारण ती प्रत्येक ड्रॉइंग उघडताना चालते. एलटीस्केल (तुटक रेषांचं प्रमाण), मिररटेक्स्ट (आरशातल्या प्रतीत अक्षरं उलटी होतील का) ही व्हेरिएबल्स, म्हणजे सेटिंग, ड्रॉइंगमध्येच साठतात. तुम्ही आपल्या सोयीनं एलटीस्केल १ लिहून ठेवलंत, दुसऱ्याची फाइल नुसती बघायला उघडलीत आणि सवयीनं सेव्ह केलीत, की संपलं. माझ्याकडे एक प्लॅन असाच परत आला होता. सगळ्या तुटक सेंटरलाइन अखंड दिसत होत्या. अर्धा दिवस मी लाइनटाइपच्या फाइलीला शिव्या घालत होतो.

तुटकरेषा:
हे मान्य, शंभर टक्के. म्हणून स्टार्टअपमध्ये फक्त डीफन (नव्या कमांडची व्याख्या) असावेत, सेटव्हार (सेटिंग बदलणारी ओळ) नको. बदल करायचाच तर कमांडच्या आत करावा, आधीची किंमत धरून ठेवावी आणि शेवटी परत द्यावी. एस्केप दाबल्यावरही ती परत गेली पाहिजे, त्यासाठी स्वतःचा एरर हँडलर, म्हणजे काम मध्येच तुटलं तर आवराआवर करणारा कोड, लिहावा. ओस्नॅप (रेषेचं टोक, मध्य अचूक पकडायची सोय) गायब झाल्याच्या निम्म्या तक्रारी हा हँडलर नसल्यामुळे येतात, असं माझं निरीक्षण.

खोडरबर:
तुम्ही दोघं सभ्य चुकांबद्दल बोलताय. 2012 मध्ये ईसेट या अँटिव्हायरस कंपनीनं उघडकीला आणलेला मेड्रे आठवतो का? ऑटोलिस्पमध्येच, म्हणजे आपल्या लिस्पच्याच भाषेत, लिहिलेला वर्म, आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम. प्रादुर्भाव मुख्यतः पेरूमध्ये होता, आणि उघडलेली ड्रॉइंग तो गुपचूप ईमेलनं बाहेर पाठवायचा. ड्रॉइंगच्या फोल्डरमध्ये पडलेली फाइल आपोआप लोड व्हायची, ही फट त्यानं वापरली. ऑटोकॅड 2014 मध्ये सिक्युअरलोड (अनोळखी जागचा कोड लोड होण्याआधी अडवणारं सेटिंग) आणि ट्रस्टेडपाथ्स (विश्वासू फोल्डरांची यादी) आले. आणि आपले लोक काय करतात? इशाऱ्याची खिडकी सारखी येते म्हणून सिक्युअरलोड 0, म्हणजे बंद! काही महाभाग तर सर्व्हरचा अख्खा ड्राइव्ह ट्रस्टेडपाथ्समध्ये टाकतात. कुलूप लावून किल्ली दारालाच ठेवायची, तशातली गत.
विश्वासू फोल्डर एकच हवा आणि तो रोजच्या वापरात रीड-ओन्ली हवा. क्लायंटच्या झिपमधून एलएसपी किंवा एफएएस (लिस्पची कंपाइल केलेली फाइल) निघाली तर आधी बाजूला काढा, मग ड्रॉइंग उघडा.

पॉलीलाइन:
शॉर्टकटच्या टार्गेटमध्ये स्लॅश सेफमोड जोडून एक जास्तीचा आयकॉन ठेवा. त्यात कोड चालतच नाही. तिथं ड्रॉइंग नीट वागलं तर दोष आपल्या स्क्रिप्टचा.

शून्यकोमाशून्य:
तरी माझा विरोध कायम. ऑफिसची एकच फाइल असावी, ज्याला काही हवं त्यानं तिच्यात घालायला सांगावं. एस::स्टार्टअप हे ड्रॉइंग उघडल्यावर आपोआप चालणारं फंक्शन दोघांनी आपापल्या फाइलीत लिहिलं की नंतर लोड झालेलं आधीच्याला पुसून टाकतं, तेही तोंडातून शब्द न काढता. पाच जणांच्या पाच स्क्रिप्ट कोण निस्तरणार?

तुटकरेषा:
सामायिक फाइल ठेवू, एस::स्टार्टअप तिच्यातच राहू दे. माझं फोल्डर तिच्यानंतर लोड होईल आणि त्यात नुसते डीफन असतील. कोड वाचायला तुम्हीच बसा. सी मात्र कॉपीच राहणार. ज्यांना वर्तुळ काढायचंय त्यांनी आपापल्या खुर्चीत बसावं.