लेबर रूमच्या सिस्टरला मालिश शिकवायची की आधी माणसं द्यायची?

सक्करदरा_सिस्टर
चौदा वर्षं लेबर रूममध्ये ड्युटी केली. परवा एका खासगी वर्गाचं पत्रक आलं: सुईणी आणि नर्सेससाठी बाळंतपणातले पूरक उपचार. मालिश, अ‍ॅक्युप्रेशर, सुगंधी तेलं, दोन दिवसांत प्रमाणपत्र. ड्युटी रूममध्ये लगेच दोन तट पडले. मी म्हणते, दोन दिवसांत नको, पण शिकवा. कमरेत कळा येतात तेव्हा बाई भिंतीला हात टेकून उभी राहते. त्या वेळी माकडहाडाच्या जरा वर तळहात रोवायचा, कळ चढेल तसा जोर वाढवायचा, उतरली की सैल सोडायचा. हे मला पुस्तकानं नाही, एका जुन्या आयाबाईनं शिकवलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये कळांच्या दुखण्यासाठी श्वासाचे प्रकार, मालिश, गरम शेक सुचवले आहेत, बाईला हवं असेल तर. मग ते आयाबाईच्या कृपेवर का सोडायचं?

उमरेड_रोडवाला
काहून ताई, मी पण याच खात्यातला. रात्री एक सिस्टर, तीन टेबलं, चौथी ॲम्ब्युलन्समधून येऊन राहिली. कोणाकोणाची कंबर चोळता? पार्टोग्राफ, म्हणजे कळांच्या नोंदींचा तक्ता, पहाटे बसून एकदमच भरला जातो, तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. आधी दर अर्ध्या तासानं बाळाचे ठोके ऐकायला माणूस द्या. मालिश-बिलिश मग पाहू.

सक्करदरा_सिस्टर
पार्टोग्राफचं खरं आहे, वाद नाही. पण मीच चोळते असं कुठं म्हटलं? बाळंतिणीसोबत एक बाई राहू द्या, असं केंद्र सरकारनं २०१६ मध्येच सांगितलंय, जिनं स्वतः बाळंतपण सोसलंय अशी. हात कुठं ठेवायचा ते तिला मी दोन मिनिटांत दाखवते. (सासू असली की जोर जरा जास्तच लागतो, तेवढं बघावं लागतं.)

मानेवाडा_आई
माह्या पहिल्या वेळी मले उताणं पाडून ठेवलं, 'ओरडू नको' एवढंच ऐकलं. दुसऱ्या वेळी सिस्टरनं चालू दिलं, गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून कमरेले लावून दिली. दुखलंच बाप्पा, खोटं कायले सांगू. पण मी घाबरली नाही. याले उपचार म्हणा का काही म्हणा.

धरमपेठ_७१
चालणं, शेक, श्वास याला कोणाची ना नाही. माझा आक्षेप तेलांवर आणि अ‍ॅक्युप्रेशरच्या दाबांवर. ऑक्सफर्डच्या एका प्रसूतिगृहात १९९० च्या दशकात आठ हजारांवर बायकांना सुगंधी तेलं देऊन नोंद ठेवली, त्रास फारच थोड्यांना झाला. पण तिथं तयार झालेल्या सुईणी होत्या आणि सगळं कागदावर होतं. आपल्याकडे इतवारीच्या बाजारातून कुठलीशी बाटली येईल आणि पदराला शिंपडली जाईल. दाबाचंही तेच. अंगठा-तर्जनीमधला खळगा आणि आतल्या घोट्याच्या चार बोटं वरची जागा दिवस भरायच्या आधी दाबू नये, हे ती विद्या शिकवणारेच सांगतात. दोन दिवसांच्या वर्गात 'कुठं दाबा' लक्षात राहील, 'कधी नको' विसरेल. आणि कळा याव्यात म्हणून 'नैसर्गिक' एरंडेल पाजून आणलेली बाई नागपूरच्या मे महिन्यात कशी येते, ते सिस्टरनाच विचारा.

सक्करदरा_सिस्टर
जुलाबांनी गळालेली येते, जीभ कोरडी, आधी सलाईन लावावी लागते. म्हणूनच तर म्हणते. ज्या सिस्टरला हे विषय माहीत आहेत, ती येताक्षणी विचारते, "घरून काय पाजून आणलं?" जिला नाहीत, ती फक्त रागावते, मग घरचे लपवतात. केंद्राच्या २०१८ च्या धोरणात मिडवाइफ नर्ससाठी अठरा महिन्यांचं प्रशिक्षण आहे. हे तिथं शिकवा, तेलं कुठली नकोत यासकट.

उमरेड_रोडवाला
अठरा महिने सिस्टर ट्रेनिंगला गेली तर तिच्या टेबलावर कोण?

सक्करदरा_सिस्टर
याचं उत्तर माझ्याकडे नाही दादा. पत्रकवाल्यांची शेवटची तारीख शुक्रवार, आमच्यातल्या दोघींनी पैसे भरले. मी त्या आयाबाईला विचारलं, पोरींना शिकवायला येशील का. म्हणे, "येतो ना. पण मले कोण प्रमाणपत्र देते?"