मदत हवी आहे: रेल्वे फाटकाचा रस्ता दुरुस्त करायला अर्ज नेमका कुठे द्यायचा?

राम राम मंडळी. आमचं गाव अमळनेर-धरणगाव पट्ट्यातलं. गावाबाहेरच्या फाटकावर रुळांमधले ब्लॉक उचकटलेत, चढही उभा आहे. परवा आमच्याच भाऊंच्या ट्रॅक्टरचं पुढचं चाक रुळाच्या खाचेत बसलं, मागे कापसाने भरलेली ट्रॉली. फाटकवाल्याने आणि चौघांनी ढकलून काढलं. गाडी यायला वेळ होता म्हणून निभावलं.

जवळचं भुसावळ मध्य रेल्वेत, पण आमच्या फाटकाची उधना-जळगाव लाइन पश्चिम रेल्वेच्या मुंबई सेंट्रल विभागात. मग अर्ज थेट मुंबईला, की इथल्या स्टेशन मास्तरकडे दिला तरी पुढे जातो? फाटकापर्यंतचा चढ कुणी करायचा, रेल्वेने की बांधकाम विभागाने? ग्रामसभेचा ठराव जोडला तर वजन पडतं का? ऑनलाइन तक्रारीचा कुणाला अनुभव?

दुसरं म्हणजे आपलीच पोरं. फाटक पडलं की मोटारसायकल आडवी करून खालून काढतात. रेल्वे कायदा 1989 खाली शिक्षा होते म्हटलं तर हसतात.

भुयारी मार्ग मागा असं काही जण म्हणतात. पण पावसाळ्यात तिथे कमरेइतकं पाणी साचलं तर बैलगाडी कुठून न्यायची? ज्यांच्या गावात झालाय त्यांनी जरूर सांगा.