शाळेतून ‘आज याला घेऊन जा’ असा फोन येतो तेव्हा पालकांनी नेमकं काय करायचं? (इंदूर)

सुदामानगर_पालकगट

नमस्कार. इंदूरच्या मराठी पालकांसाठी एक छोटं माहितीपत्रक तयार करतो आहोत. साध्या शाळेत प्रवेश मिळालेली, पण वर्गात चावणं, किंचाळणं, वस्तू फेकणं, बाहेर पळणं असं वागणारी स्वमग्न, अतिचंचल किंवा बौद्धिक दिव्यांग मुलं हा विषय. पालकांची सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच: अकराच्या सुमाराला फोन येतो, “आज याला घेऊन जा.” आठवड्यातून दोन-तीनदा. मग वर्षाच्या शेवटी सांगितलं जातं की शॅडो टीचर (वर्गात फक्त या मुलासोबत बसणारी मदतनीस) स्वखर्चाने आणा, नाहीतर टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) घ्या.

असा फोन आला की त्या दिवशी पालकांनी काय करावं? शाळेकडे लेखी काय मागावं, आणि मिळालेली योजना कामाची की नुसती कागदी हे कसं ओळखावं? शाळा ऐकतच नसेल तर इथे कुणाकडे जायचं? “शांतपणे बोला” याच्या पुढचं लिहा, कृपया.

विशेषशिक्षिका_रामबाग

फोनपासूनच सुरुवात करते, कारण खरी गाठ तिथेच आहे.

गणिताच्या तासाला मूल कंपासपेटी फेकतं. बाई फोन लावतात. अर्ध्या तासात आई येते, मूल घरी जातं. गणित टळलं, गोंगाट टळला, घरी आवडीचं जेवण आणि मोबाइल. शाळा ज्याला शिक्षा समजते ते मुलाच्या दृष्टीने बक्षीस ठरतं. बाईंनाही उरलेला दिवस शांत वर्ग मिळतो, म्हणजे दोघांचीही सवय पक्की होते. म्हणून हे फोन महिन्यागणिक वाढत जातात. मूल ‘बिघडत चाललंय’ असं सगळे म्हणतात, पण फेकलं की सुटका होते हे त्याला शाळेनेच शिकवलेलं असतं.

म्हणून आधी नोंद. शाळेचे दहा दिवस एक तक्ता भरायचा. रकाने इतकेच: वेळ, तास आणि जागा, आधीच्या पाच मिनिटांत काय चाललं होतं, मुलाने नेमकं काय केलं आणि किती वेळ, लगेच नंतर कोणी काय केलं. “चिडला”, “मस्ती केली” असं लिहिलं तर तक्ता वाया गेला. “डाव्या मनगटाला चावला, दोनदा, सुमारे एक मिनिट” असं लिहा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे सुट्टी झाल्यावर आठवून भरणं. तेव्हा फक्त मोठे प्रसंग लक्षात राहतात आणि आधीची पाच मिनिटं हरवतात. बाईंना तेवढं लिहिणं जमत नसेल तर वेळापत्रकाचीच झेरॉक्स काढा आणि प्रसंग घडेल त्या तासाच्या चौकोनात फुली मारा. दहा दिवसांत फुल्या कुठे दाटतात ते दिसतंच. प्रार्थनेच्या माइकजवळ, लिखाणाच्या तासाला, की बदली शिक्षक आले त्या दिवशी.

त्यावरून वागण्यामागचं कारण शोधायचं. ढोबळमानाने चार असतात: नको असलेलं टाळायचं, कुणाचं तरी लक्ष हवं, एखादी वस्तू हवी, किंवा शरीराला तसं करून बरं वाटतं (कान झाकणं, डोलणं). उपाय कारणाप्रमाणे बदलतो. लक्ष वेधायला ओरडणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर काढलं तर परिणाम होईलही. टाळण्यासाठी ओरडणाऱ्याला बाहेर काढलं तर त्याला हवं तेच दिलं.

टाळण्याचं उदाहरण पुढे नेते, कारण ते वारंवार दिसतं. मुलाला ‘थोडं थांबू?’ हे विचारायची पद्धत द्यायची. बोलता येत नसेल तर हाताच्या तळव्याएवढं चित्रकार्ड. पहिले दोन आठवडे त्याने कार्ड दाखवलं की प्रत्येक वेळी लगेच दोन-तीन मिनिटं सुट्टी, ठरलेल्या एकाच जागी, वाळूचं घड्याळ लावून. मग परत तेच काम, पण लहान करून: दहा गणितांऐवजी दोन. जमू लागलं की कार्डाआधी दोन, मग तीन, मग पाच गणितं.

हे फसतं ते अशा जागी. कार्ड बाईंच्या कपाटात असतं, मुलाच्या बाकावर नसतं. पहिल्याच आठवड्यात “आत्ता नाही” म्हटलं जातं, मग मूल पुन्हा कंपासपेटीकडे वळतं, कारण ती कधीच नकार देत नाही. सुट्टीत मोबाइल दिला जातो, त्यामुळे वर्गापेक्षा सुट्टी गोड होते. बदली शिक्षकांना कुणी सांगितलेलंच नसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: आजवर ओरडून जे मिळायचं ते मिळेनासं झालं की ओरडणं आधी वाढतं, मग उतरतं. नेमकं त्या वाढीच्या दिवसांत शाळा घाबरून “उपाय लागू पडत नाही” म्हणते आणि हार मानते. मग मूल शिकतं की आणखी मोठ्याने ओरडायला हवं. ही वाढ येणार हे योजनेत आधीच लिहून ठेवा. (डोकं आपटणाऱ्या किंवा स्वतःला जखमा करणाऱ्या मुलाकडे मात्र असं दुर्लक्ष करून चालणार नाही. तिथे तज्ज्ञ हवाच.)

एक गोष्ट आपल्याकडची. घरी “शू”, थेरपीत “सूसू”, शाळेत “टॉयलेट”. कमी बोलणाऱ्या मुलाला एकाच गरजेसाठी तीन शब्द. उपाय म्हणजे तिन्ही ठिकाणी चित्र एकच ठेवणं. त्यासाठी घरातली मराठी बंद करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलाचं बोलणं खुंटत नाही.

बालरोग_इंदूर

तक्ता भरत असतानाच शरीराची तपासणी उरकून घ्या. वागण्यात अचानक बदल झाला असेल तर आधी दुखणं शोधा: बद्धकोष्ठता (स्वमग्न मुलांत खूप आढळते), दात, कान, झोप. शाळेतलं शौचालय नको म्हणून सकाळभर रोखून धरणारी मुलं बाराच्या सुमाराला बेचैन होतात.

औषधांच्या वेळा शाळेच्या वेळापत्रकाशेजारी मांडून पाहा. साधं मिथाइलफेनिडेट (अतिचंचलतेवरचं औषध) साधारण तीन ते चार तास काम करतं. सात वाजता गोळी घेतली तर अकराला तिचा परिणाम उतरलेला असतो, आणि उतरताना काही मुलं जास्तच चिडचिडी होतात. अकराचा फोन तिथूनही येत असेल. फिट्ससाठी लेव्हेटिरासिटाम सुरू झाल्यावर काही मुलांत चिडचिड आणि मारकुटेपणा दिसतो. औषध स्वतःहून बंद करू नका, पण तक्ता घेऊन डॉक्टरांकडे जा. काही सेकंद टक लावून पाहणं, मग गोंधळणं आणि चिडणं, असा क्रम असेल तर ती फिट असू शकते. शक्य असेल तर व्हिडिओ काढा.

कायदा_आणि_शाळा

ताईंनी वर्तनाचं लिहिलं, मी कागदाचं लिहितो.

रोज लवकर घरी पाठवलेल्या मुलाची हजेरीपटावर पूर्ण हजेरी लागलेली असते. कागदोपत्री काहीच घडलेलं नसतं, आणि पालकांची बाजू तिथेच लंगडी पडते. म्हणून फोन आला त्याच दिवशी शाळेला ईमेल: किती वाजता फोन आला, कोणी केला, काय कारण सांगितलं, मूल किती वाजता नेलं, आणि घटनेची लेखी नोंद द्यावी ही विनंती. भांडणाचा सूर नको. दोन महिन्यांत ही साखळीच पुरावा होते.

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६: प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करायची मुभा राज्यांना मिळाली, काढून टाकायची नाही. कलम १७ मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. हे माहीत असल्यामुळेच शाळा टीसी स्वतः देत नाहीत, पालकांकडून अर्ज लिहून घेतात: “व्यक्तिगत कारणाने मुलाला काढत आहोत.” हा अर्ज लिहू नका. एकदा सही झाली की पुढे सगळं अवघड होतं.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे शिक्षण हक्क कायदा लागू नाही. तिथे दिव्यांगजन अधिकार अधिनियम २०१६ उपयोगी पडतो. त्याचं कलम १६ सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या सगळ्या शाळांकडून भेदभाव न करता प्रवेश, मुलाच्या गरजेनुसार सोयी आणि व्यक्तिगत आधार या गोष्टी व्हाव्यात असं म्हणतं. त्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागत नाही. ४० टक्क्यांची अट कलम ३१ साठी आहे, ज्यात ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तरी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवाच, पुढे परीक्षेच्या सवलतींना लागतं.

कुठे जायचं: आधी प्रिन्सिपलना लेखी अर्ज आणि पोच. मग जिल्हा शिक्षण अधिकारी; सरकारी शाळा असेल तर बीआरसी (शिक्षण खात्याचं गटस्तरीय केंद्र) कार्यालय, तिथल्या एमआरसींचं (फिरत्या सल्लागारांचं) कामच दिव्यांग मुलांसाठी शाळेला मदत करणं आहे. काही हललं नाही तर मंगळवारची कलेक्टर कचेरीतली जनसुनवाई; अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का घ्या. १८१ वर सीएम हेल्पलाइन. त्यानंतर भोपाळ: राज्याचे दिव्यांगजन आयुक्त आणि बाल अधिकार संरक्षण आयोग. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, आणि त्यांच्या शिफारशीवर काय केलं ते संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कळवायचं असतं. मुलाला खोलीत कोंडलं किंवा खुर्चीला बांधलं असेल तर या पायऱ्या चढत बसू नका. पोलीस आणि १०९८ (बालकांसाठीची हेल्पलाइन).

सुदामानगर_पालकगट

खूप उपयोगी. शाळांची बाजूही विचारतो. वर्गात चाळीस मुलं, बाई एकट्या. मूल दुसऱ्या मुलाला चावतंय त्या क्षणी तक्ता काय कामाचा? बाकीचे पालक तक्रार करतात तेही चुकीचे नाहीत.

विशेषशिक्षिका_रामबाग

अगदी बरोबर. बाकीच्या मुलांची सुरक्षितता हीसुद्धा योजनेचाच भाग आहे, आणि बाईंना एकटं सोडणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे. पहिली ते पाचवीसाठी कायद्याचं प्रमाण तीस मुलांमागे एक शिक्षक आहे. विशेष शिक्षकांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकसाठी १०:१ आणि वरच्या वर्गांसाठी १५:१ हे प्रमाण ठरवून दिलं. शाळेने नेमलेल्या व्यक्तीची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. समुपदेशक आणि विशेष शिक्षक यांची कामं वेगळी आहेत.

त्या क्षणासाठी: शेजारच्या वर्गातली एक व्यक्ती आधीच ठरलेली हवी आणि बोलवायची खूणही (लाल कार्ड घेऊन मॉनिटर धावतो, इतकं साधं पुरतं). मुलाला ओढत बाहेर नेण्यापेक्षा बाकीच्या मुलांना व्हरांड्यात न्या, ते लवकर होतं आणि कुणाला लागत नाही. बोलणं कमी करा, तीन-चार शब्दांची एकच सूचना. हाताच्या अंतराबाहेर, थोडं बाजूला उभं राहा. चावा धरला असेल तर हात मागे ओढू नका, मांस फाटतं. हलकेच तोंडाच्या दिशेने दाबा, जबडा सैल पडतो. केस धरले असतील तर त्याची मूठ डोक्याशी दाबून धरा. पालथं पाडून पाठीवर दाबणं कधीही नको, श्वास अडकून जीव जाऊ शकतो. शांत झाल्यासारखं दिसलं तरी अर्धा-पाऊण तास मूल पुन्हा लवकर भडकू शकतं. त्या वेळात “सॉरी म्हण” हा आग्रह धरला की दुसरी फेरी सुरू होते.

आणि जे आधीच माहीत आहे ते आधीच टाळा. प्रार्थनेला माइकपासून दूर रांगेच्या टोकाला उभं करणं, गणेशोत्सवात ढोल-ताशांचा सराव असेल त्या तासाला ग्रंथालयात बसवणं, याला एक पैसा लागत नाही.

थेरपी_स्नेहलतागंज

शॅडोबद्दल कुणी लिहिलं नाही. काही मुलांना सुरुवातीला खरंच लागतो, सरसकट नाही म्हणू नका. पण प्रवेशाची अट म्हणून आणि पालकांच्या खर्चाने मागणं वेगळं. व्यक्तिगत आधार ही शाळेची जबाबदारी आहे. घेतलाच तर दूर कसा जाणार ते पहिल्याच दिवशी लिहा: शेजारी, मागच्या बाकावर, वर्गाच्या टोकाला, दाराबाहेर. पुढची पायरी तक्त्यावरून ठरवायची. नाहीतर वर्षभर बाई मुलाशी शॅडोमार्फतच बोलतात, आणि शॅडो रजेवर गेली की फोन येतो, “उद्या पाठवू नका.”

कागदी योजना ओळखायला सोपं आहे. तिच्यात “वर्तनात सुधारणा करणे” असं लिहिलेलं असतं. चांगल्या योजनेत लिहिलेलं असतं की लिखाणाच्या तासाला चावणं आठवड्यात सहावरून दोनवर आणायचं, कार्ड कोण देणार, बाई नसतील तेव्हा कोण, आणि सहा आठवड्यांनी कोणत्या तारखेला बसायचं.

कायदा_आणि_शाळा

माहितीपत्रकात ईमेलचा नमुना टाका, पाठवताना हिंदीत किंवा इंग्रजीत करा:

“आज दि. ___ रोजी ___ वाजता ___ यांच्या फोनवरून आम्हाला मुलाला घेऊन जाण्यास सांगण्यात आले. आम्ही ___ वाजता त्याला नेले. कृपया घटनेची लेखी नोंद (आधी काय चालले होते, काय घडले, नंतर काय केले) दोन दिवसांत द्यावी आणि हजेरीपटावर त्याच्या जाण्याची वेळ लिहावी. दिव्यांगजन अधिकार अधिनियम २०१६ च्या कलम १६ नुसार त्याच्यासाठी वर्तन-आधार योजना करण्यासाठी येत्या आठवड्यात बैठकीची तारीख कळवावी. वर्गशिक्षिका आणि विशेष शिक्षक दोघेही बैठकीस असावेत. दहा दिवसांचा तक्ता सोबत आणत आहोत.”