मदत हवी आहे: रूफ बोल्ट आणि लाकडी चॉक यांची तुलना कोणत्या सॉफ्टवेअरने करावी?

नमस्कार. मी चंद्रपूर जिल्ह्यातील एका भूमिगत कोळसा खाणीत छताच्या आधारांचे काम पाहतो. बोर्ड अँड पिलर पद्धतीच्या (कोळशाचे खांब मागे ठेवत बोगदे काढण्याच्या) एका पॅनेलमध्ये सध्या डिपिलरिंग, म्हणजे ते खांब काढून घेण्याचे काम, सुरू आहे. गोफच्या (कोळसा काढल्यावर छत पडू दिलेल्या पोकळीच्या) कडेला ब्रेकर लाइन म्हणून, म्हणजे छताची पडझड तिथेच थांबवणारी आधारांची ओळ म्हणून, लाकडी चॉक (एकावर एक आडवेतिडवे रचलेल्या ओंडक्यांचे आधार) लावावेत, की रूफ बोल्टच्या (छतात भोक पाडून बसवलेल्या पोलादी सळ्यांच्या) दोन ओळी पुरतील, हे ठरवण्यासाठी मला भरवशाची आकडेमोड हवी आहे.

नुसत्या गॅलरीपुरते (खांबांमधल्या बोगद्यापुरते) काम मी एक्सेलमध्ये करतो. थरांची जाडी, भेगा व इतर रचना, पाणी लागल्यावर होणारी झीज, खडकाची ताकद आणि भूजल या पाच घटकांना अनुक्रमे ३०, २५, २०, १५ आणि १० पर्यंत गुण देऊन आरएमआर (रॉक मास रेटिंग, म्हणजे छताच्या खडकाचे गुणांकन) काढायचा, मग १.७ मधून आरएमआरची ०.०३७ पट वजा करून त्यात आरएमआरच्या वर्गाची (आरएमआर गुणिले आरएमआर) ०.०००२ पट मिळवायची आणि येणाऱ्या आकड्याला गॅलरीची रुंदी व खडकाची घनता यांनी गुणायचे. रुंदी ४.२ मीटर, घनता दर घनमीटरला २.३ टन आणि आरएमआर ४५ धरला, तर छताचा भार दर चौरस मीटरला सुमारे ४.२५ टन येतो. दर १.२ मीटरवर चार बोल्टची ओळ आणि प्रत्येक बोल्टला ८ टन धरल्यास सुरक्षा गुणांक (आधारांची क्षमता भागिले छताचा भार) १.४९ मिळतो. मात्र आरएमआर ४० झाला, की तोच गुणांक १.२२ वर उतरतो. झिजेचे गुण देताना एवढा फरक सहज पडू शकतो, म्हणून एकाच उत्तरावर विसंबणे मला पटत नाही.

खरी अडचण चॉक मोजताना येते. गेल्या महिन्यात गोफमध्ये छत पडण्यापूर्वी चॉकच्या वरच्या पाचरी हाताने हलत होत्या. दुसऱ्या पाळीत त्याच पाचरी घणाचा घाव घालूनही हलेनात, आणि खालचे स्लीपर (चॉकचे ओंडके) कडेने चेपलेले दिसत होते. म्हणजे चॉकने भार घेतला, पण छत बरेच खाली बसल्यावर. त्यातले लाकूड तंतूंना आडवे दाबले जाते, त्यामुळे चॉक मऊ असतो. रेझिनने पूर्ण लांबी धरलेला बोल्ट मात्र काही मिलिमीटरच्या हालचालीतच ताण घेतो. अशा दोन आधारांची टनांतली क्षमता सरळ बेरजेला धरली, तर कागदावर गुणांक चांगला दिसेल, पण चॉक कामाला लागण्यापूर्वीच छताचे थर सुटलेले असतील. ब्रेकर लाइनच्या आत माणसे उभी असतात, म्हणून ही चूक मला होऊ द्यायची नाही.

अमेरिकेतील नायॉश या संस्थेचे ‘स्टॉप’ हे सॉफ्टवेअर या मुद्द्याच्या सर्वांत जवळ जाते. पिट्सबर्ग येथील माइन रूफ सिम्युलेटरवर आधार दाबून मिळालेल्या भार-विस्थापन वक्रांवरून (आधार किती दबल्यावर किती भार घेतो, हे दाखवणाऱ्या आलेखांवरून) ते निरनिराळ्या उभ्या आधारांची तुलना करते. परंतु त्याचा मुख्य रोख लाँगवॉलच्या (लांब भिंतीसारख्या पट्ट्यातून सलग कोळसा काढण्याच्या पद्धतीच्या) टेलगेटवर, म्हणजे त्या पट्ट्याच्या एका टोकाच्या बोगद्यावर, आहे, आणि त्यातील लाकूड तिकडचे आहे. फ्लॅक थ्रीडी या खडकाचे गणिती प्रारूप करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही आधार एकत्र मांडता येतील, पण त्याचा परवाना आमच्या आवाक्याबाहेर आहे.

जाणकारांनी कृपया पुढील बाबतींत मार्गदर्शन करावे. आमच्याकडच्या लाकडाचा चॉक प्रयोगशाळेत दाबून घेतलेला वक्र ‘स्टॉप’मध्ये घालता येतो का, आणि कोणी तसे केले आहे का? टेलटेल (छताचे थर किती सुटले ते दाखवणारे साधन) व कन्व्हर्जन्स रेकॉर्डर (छत व जमीन किती जवळ आली ते नोंदवणारे साधन) यांच्या नोंदींवरून डिपिलरिंगमधील छताची प्रतिक्रिया-रेषा (आधाराचा भार आणि छताचे खाली बसणे यांचे नाते दाखवणारी रेषा) काढायची असेल, तर किती अंतरावरच्या नोंदी धराव्यात? माझ्याकडे गोफच्या कडेपासून ५ ते ३० मीटरपर्यंतची वाचने आहेत. आणि हे सॉफ्टवेअर येथे अजिबात लागू होत नसेल, तर कोणत्या कारणाने, तेही स्पष्ट लिहावे. कारण अंतिम आराखडा व्यवस्थापकांपुढे ठेवताना मला त्याचे उत्तर द्यावे लागणार आहे.